समुद्र आला होता का?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या निवासी शिबिरात, पाण्याच्या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



पाण्याच्या सत्रात मी समुद्रावर बोलणार आहे असं काल रात्री सांगितलं, तेव्हा आपल्यातल्या दोघीतिघी हसल्या. अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे. मग नळाच्या प्रश्नात हा समुद्र कुठून आणलास, असं त्यांचं म्हणणं. पण तो मी आणलेला नाही. तो गावात आधीपासूनच आहे. गावाच्या बोलण्यात आहे, आणि माझ्याही बोलण्यात होता. तो तिथे कसा आला आणि त्याचं आपण काय करायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

आपल्यातल्या ज्या खारपाणपट्ट्याबाहेरून आल्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगडच्या रांगा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी पूर्णा. ही नदी बैतुल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली तिच्या दोन्ही काठांची शेकडो गावं खारपाणपट्ट्यात मोडतात. वर काळीभोर जमीन, खाली शेकडो फूट गाळ, आणि त्या गाळातलं पाणी खारट. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. केस धुतले तर चिकट होतात. तेच पाणी पिकाला दिलं तर जमीन बिघडते, म्हणून विहिरीत पाणी असूनही शेती पावसावरच. म्हणजे पाणी नाही म्हणून हाल होतात ते वेगळे. इथे पाणी आहे आणि हाल आहेत.

हाल कोणाचे, हे तुम्हाला सांगायला नको. पिण्याचं पाणी एकीकडून, वापरायचं दुसरीकडून, जनावरांचं तिसरीकडून. कोणतं पाणी कोणत्या हंड्यात आणि तो हंडा कुठल्या कोपऱ्यात, हा सगळा हिशेब घरातल्या बाईच्या डोक्यात. आता गावोगाव फिल्टरच्या पाण्याचे कॅन आले. ज्या घरात रोज पैसे निघत नाहीत त्या घरातली बाई पुरुषांना आणि लेकरांना कॅनचं देते, स्वतः विहिरीचं पिते. हे मी अंदाजानं सांगत नाही. स्वयंपाकघरात बसून पाहिलेलं सांगते.

तर अशाच एका गावात दोन वर्षांपूर्वी ग्रामसभा होती. आमच्या गटाच्या बायका पहिल्यांदाच इतक्या संख्येनं आल्या होत्या. मागणी साधी होती. योजनेची पाइपलाइन शेजारच्या गावापर्यंत आली आहे, ती पुढे कधी येणार ते तारखेनिशी सांगा. उत्तर द्यायला एक अधिकारी आले होते. ते म्हणाले, ‘‘बाई, हे समुद्राचं पाणी आहे. लाखो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. निसर्गानंच असं करून ठेवलंय, त्याला कोण काय करणार?’’

सभा गप्प झाली. कोणी चिडलंसुद्धा नाही. लाखो वर्षांचा समुद्र समोर उभा केल्यावर पाइपलाइनबद्दल विचारणं लहान तोंडी मोठा घास वाटायला लागलं. आणि मीही गप्प बसले. कारण तेच वाक्य मी स्वतः प्रशिक्षणांत कितीतरी वेळा म्हटलं होतं. ‘इथे पूर्वी समुद्र होता, म्हणून पाणी खारट.’ कुठे वाचलं होतं, कोणाकडून ऐकलं होतं, आठवत नाही. सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे.

सभा संपल्यावर आमच्या गटातल्या एक काकू माझ्याबरोबर एस. टी. स्टँडपर्यंत आल्या. शाळेत गेलेल्या नाहीत, पण प्रश्न असा विचारतात की आपण जागच्या जागी उभ्या राहतो. म्हणाल्या, ‘‘ताई, तुमीबी तेच सांगता अन् तो सायेबबी तेच सांगते. समुद्र व्हता. पन पाह्यला कोनं?’’

मी म्हटलं, ‘‘काकू, शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय.’’

‘‘कसं शोधलं?’’

मला सांगता आलं नाही. एम. एस. डब्ल्यू.ला आम्हाला गटबांधणी शिकवली, समुपदेशन शिकवलं, सर्वेक्षण शिकवलं. समुद्र कसा शोधतात ते नाही शिकवलं. काकू एवढंच म्हणाल्या, ‘‘मंग मालूम नसंन तर सांगू नोका.’’ आणि परत फिरल्या.

ते वाक्य मला फार लागलं. आपण गावात जाऊन बायकांना सांगतो, कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, पुरावा मागा. अंगात येतं म्हणणाऱ्याला प्रश्न विचारा, मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणाऱ्या सासूला प्रश्न विचारा. आणि मीच ऐकीव गोष्ट शास्त्र म्हणून वाटत होते. म्हणून ठरवलं की हे नीट समजून घ्यायचं. एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाई ओळखीतून भेटल्या. त्यांनी चार दुपारी मला प्रयोगशाळेत बसवून घेतलं आणि वाचायला पुस्तकं दिली. जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

पहिली गोष्ट, समुद्र जमिनीच्या इतक्या आत येऊ शकतो का? येऊ शकतो. त्याची एक वाट म्हणजे खचदरी. भूगोलात आपण नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात असं पाठ केलं होतं. जमिनीचा कवचासारखा थर ताणला जातो, त्याला दोन जवळजवळ समांतर भेगा पडतात आणि मधला पट्टा खाली बसतो. दोन भिंतींमधली जमीन खचावी तसं. असा सखल पट्टा समुद्रापर्यंत पोचला आणि समुद्राची पातळी वाढली, की पाणी त्या वाटेनं आत शिरतं. आफ्रिकेत इथिओपियात डानाकिल नावाचा असा खचलेला प्रदेश आहे. तिथली जमीन काही ठिकाणी समुद्रसपाटीच्या शंभर मीटरहून खाली आहे. तांबडा समुद्र त्यात शिरला होता. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची प्रवाळं आज तिथे वाळवंटाच्या कडेला कोरडी पडलेली आहेत, आणि समुद्र तुटून आटल्यावर उरलेलं मीठ तिथले लोक आजही कापून उंटांवरून नेतात.

आपल्याकडेही असं झालेलं आहे. मध्य प्रदेशात धार, झाबुआ, अलीराजपूर या बाजूला, नर्मदेच्या खोऱ्यात, बाघ नावाचं गाव आहे. तिथल्या गुहा आणि कापडावरची छपाई आपल्याला माहीत असते. त्या भागातल्या चुनखडकांत समुद्री शिंपले, समुद्री साळू, शार्कचे दात सापडतात. ते खडक नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा नर्मदेच्या खचदरीतून पश्चिमेचा समुद्र आत आला होता, याबद्दल शंका नाही. त्या समुद्री खडकांच्या वर जमिनीवर साठलेले खडक आहेत आणि त्यांत डायनोसॉरची अंडी मिळतात. म्हणजे समुद्र आला, राहिला आणि मागे गेला. नंदुरबारच्या आपल्या मैत्रिणी ज्या नर्मदेच्या काठच्या गावांत काम करतात, तीच ही नदी.

शंख-शिंपले डोळ्यांना दिसतात. पण सगळीकडे ते मिळत नाहीत. बोअरच्या भोकातून वर आलेला मूठभर गाळ हातात असेल तर त्यात अख्खा शिंपला कुठून येणार? तिथे उपयोगी पडतात ते सूक्ष्मजीवाश्म.

समुद्रात फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. अंगाभोवती ते कवच बांधतात, बहुतेकांचं चुन्याचं, काहींचं वाळूचे कण चिकटवून केलेलं. कवच साधारण रव्याच्या कणाएवढं किंवा त्याहून लहान. काही तळाशी राहतात, काही उघड्या समुद्रात पाण्यावर तरंगतात. मेले की कवचं तळाच्या गाळात पडतात आणि गाळाचा खडक झाला तरी त्यात राहतात. या जिवांचा मोठेपणा असा की ते जवळजवळ सगळे समुद्रातच राहतात, थोडे खाडीच्या मचूळ पाण्यात. दुसरं म्हणजे काळाप्रमाणे त्यांच्या जाती बदलत गेल्या. म्हणून कोणत्या जातीचं कवच आहे यावरून तो गाळ कोणत्या काळातला ते ओळखता येतं. कवच तरंगणाऱ्या जातीचं की तळाच्या, यावरून पाणी उघड्या समुद्राचं होतं की उथळ खाडीचं, याचाही अंदाज येतो. मूठभर मातीत जागा, काळ आणि खोली अशा तिन्ही गोष्टींची साक्ष.

आता हे शोधतात कसं ते ऐका. नदीच्या उभ्या काठावर वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतरानं माती घ्यायची. प्रत्येक पिशवीवर कोणत्या थराची ते लिहायचं. ती चूक झाली तर पुढचं सगळं वाया. माती वाळवायची, पाण्यात भिजत घालायची, ढेकळं विरघळायला थोडा सोडा. मग अगदी बारीक चाळणीवर धरून धुवायची, इतकी बारीक की चिखल वाहून जावा पण मिलीमीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढा कण वर राहावा. उरलेलं वाळवायचं, काळ्या ताटलीत पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलून वेगळं करायचं.

मी हे पाहिलं तेव्हा हसू आलं. भिजवणं, धुणं, चाळणं, वाळवणं, निवडणं! ताटातले तांदूळ निवडताना आपली नजर जशी खड्यावर जाते तशी त्या बाईंची नजर कवचावर जात होती. मी अर्धा तास बसले आणि मला सगळी वाळूच दिसली. मग त्यांनी एक दाखवलं. इवल्या गोल खोल्या एकमेकींना चिकटून गोगलगायीसारख्या वळत गेलेल्या, आणि अंगभर टाचणीनं टोचल्यासारखी छिद्रं. एकदा ते दिसल्यावर पुढची मलाही दिसायला लागली.

या कामाला ‘निवडायचं काम’ म्हणून कमी लेखण्याचाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेलाच्या विहिरी खणल्या जात होत्या. विहिरीतून येणाऱ्या भुग्यावरून आपण नेमके कोणत्या थरात आहोत, हे कळायला हवं होतं. एस्थर ॲप्लिन नावाच्या तरुण संशोधक स्त्रीचं म्हणणं होतं की या सूक्ष्म कवचांवरून ते सांगता येईल. १९२१ साली एका परिषदेत हे मांडलं गेलं, तेव्हा एका नामवंत प्राध्यापकांनी या पोरीला काय कळतं अशा थाटात त्याची सर्वांदेखत खिल्ली उडवली. एस्थर ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तिघी वेगवेगळ्या तेल कंपन्यांत नोकरीला होत्या. तिघींनी आपलं काम एकत्र केलं आणि १९२५ साली टेक्सास-लुइझियाना किनाऱ्याखालच्या थरांवर निबंध छापला. त्यानंतर तेल कंपन्यांनी हीच पद्धत उचलली, कारण तिच्यामुळे पैसा वाचत होता. खिल्ली उडवली गेली, पण पद्धत रुजली. प्रयोगशाळेतलं बसून करायचं काम बायकांना द्यावं आणि डोंगरात हिंडायचं पुरुषांनी करावं, अशी त्या काळची विभागणी होती. त्या बसून करायच्या कामातूनच त्यांनी जमिनीखालचा नकाशा काढला.

आता आपल्या भागाजवळ येते. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं ठिकाण आहे. नागपूरपासून फार लांब नाही, आणि आजच्या कोणत्याही किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर, हे तुम्हाला माहीत आहे. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी-दलदली होत, त्यांचा गाळ दोन पाषाणांमध्ये दबलेला सापडतो. झिलमिलीला अशाच गाळाच्या एका पातळ थरात समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांची कवचं मिळाली. त्या थराच्या खाली आणि वर जमिनीवरचा, गोड्या पाण्याचा गाळ, आणि मध्ये हे समुद्राचे जीव. २००९ साली हा शोध प्रसिद्ध झाला. या गटाच्या प्रमुख गेर्टा केलर. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे, अशोक साहनी, सुनील बाजपेयी असे भारतीय संशोधक त्यात होते.

केलरबाईंची गोष्टही सांगण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधल्या शेतकरी कुटुंबातल्या बारा भावंडांपैकी एक. चौदाव्या वर्षी शिवणकाम शिकायला घातलेली. तिथून निघून, जग हिंडून, पुढे अमेरिकेत शिकल्या आणि प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. डायनोसॉर नाहीसे होण्यामागे अवकाशातून पडलेला पाषाण नव्हे तर दख्खनचे लाव्हाच मुख्य कारण, असं त्या मांडत आल्या. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते मान्य केलेलं नाही आणि वाद अजून मिटलेला नाही. पण त्या वादापायीच त्या सूक्ष्म कवचं शोधत आपल्या काळ्या पाषाणापर्यंत आल्या.

झिलमिलीची कवचं कोणत्या जातींची होती, यावरून काळ कळला. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले तेव्हा समुद्रातल्या या जिवांच्याही बहुतेक मोठ्या, नक्षीदार जाती संपल्या. त्यानंतर लगेच ज्या बारीक, साध्या जाती आल्या त्या झिलमिलीला आहेत. म्हणजे त्या सुमाराला समुद्राचा एखादा फाटा तिथवर पोचला होता. तो नर्मदा-तापीच्या खचदरीतून पश्चिमेकडून आला की गोदावरीच्या खचदरीतून आग्नेयेकडून, यावर चर्चा आहे.

हे वाचल्यावर मला आनंद झाला. वाटलं, झालं, काकूंना सांगायला उत्तर मिळालं. समुद्र आला होता! मी तसं त्या भूगर्भशास्त्राच्या बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘थांबा. कोणता समुद्र, केव्हाचा, ते आधी बघा.’’

आणि इथे माझं शिक्षण खऱ्या अर्थानं झालं. झिलमिलीचा समुद्र सहा कोटी वर्षांहून जुना. त्यावर पुन्हा लाव्हाचा पाषाण पसरला. पूर्णेचा गाळ त्या सगळ्या पाषाणाच्याही वर बसलेला आहे. भूगर्भाच्या हिशेबात तो अगदी अलीकडचा, माणूस पृथ्वीवर आला त्या युगातला. तेव्हा झिलमिलीच्या समुद्राचं मीठ आपल्या विहिरीत आलं, असं म्हणता येत नाही. बाघचा समुद्र तर आणखी जुना. पणजीच्या लग्नातलं देणं नातसुनेच्या खात्यावर मांडण्यासारखं ते होईल.

मग अलीकडच्या काळात पूर्णेत समुद्र आला असेल का? तसं मानणारे आहेत. तापी-पूर्णेचा पट्टा खचलेला आहे, पश्चिमेला उघडा आहे, आणि पाणी खारट आहे. पण दुसरी बाजूही भक्कम आहे. अकोला आज समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे ऐंशी मीटर उंच. गेल्या काही लाख वर्षांत समुद्राची पातळी आजच्यापेक्षा फार वर गेलेली नाही. सव्वा लाख वर्षांपूर्वी ती सहा ते नऊ मीटर वर होती, ही त्यातली मोठी वाढ. म्हणजे समुद्र अकोल्यापर्यंत यायचा तर तेव्हा ही जमीन खूप खाली असायला हवी आणि नंतर तेवढी उचलली जायला हवी. खचदरीत जमीन हलते हे खरं, पण इतकी हलली हे वेगळं दाखवावं लागेल.

आणि समुद्राशिवायही पाणी खारट होतं. पाऊस कमी, ऊन फार, जमीन चिकण मातीची, पाण्याचा निचरा नाही. दरवर्षी पाणी वाफ होऊन जातं आणि त्यातला क्षार मागे राहतो. दुधाचं पातेलं आटवावं तसं हजारो वर्षं चालू आहे. खारपाणपट्ट्याच्या खारेपणाचं मुख्य कारण हेच, असं मानणारे अभ्यासक आहेत. दोन्ही मतं आहेत, आणि निकाल गाळातल्या पुराव्यावर लागणार.

मी विचारलं, ‘‘पूर्णेच्या गाळात एखादं समुद्री कवच सापडलं, तर सिद्ध झालं ना?’’ तर नाही, म्हणे. कवच इतकं हलकं की वारा ते उडवून नेतो. राजस्थानच्या थर वाळवंटातल्या वाळूत अशी कवचं किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत सापडली, आणि ती वाऱ्यानं नेली असं १९७७ साली दाखवून दिलं गेलं. शिवाय नदी जुन्या समुद्री खडकातली कवचं झिजवून नव्या गाळात आणू शकते. म्हणून एका कवचावर भागत नाही. कवचं किती, किती जातींची, लहान-मोठी सगळ्या वयाची आहेत की वाऱ्यानं चाळल्यासारखी एकाच मापाची, झिजलेली की ताजी, सलग थरात आहेत की विखुरलेली, आणि बरोबर दुसरे समुद्री जीव आहेत का, हे सगळं जुळलं तर समुद्र.

हे ऐकताना मला आपलं काम आठवत होतं. बाईच्या अंगावर एक वळ दिसला तर आपण तेवढ्यावर थांबत नाही. केव्हाचा, कशाचा, आधी काही झालं होतं का, शेजारीण काय सांगते, दवाखान्याचा कागद आहे का, असं एकेक जुळवतो. आणि समोरचा म्हणतो, ‘पडली असेल’, तेव्हा त्याची शक्यताही आपल्याला तपासावी लागते. नाहीतर पुढे तीच आपल्यावर उलटते. सत्य आपल्या बाजूचं असेल असं वाटलं म्हणून तपासणी सैल करायची नसते. समुद्राच्या गोष्टीत मी तेच केलं होतं. गोष्ट छान होती, म्हणून तपासलीच नाही.

आणि ती छान गोष्ट कोणाच्या उपयोगी पडली? ग्रामसभेत आलेल्या अधिकाऱ्याच्या. मुद्द्याची गोष्ट इथे आहे. समजा, उद्या पूर्णेच्या गाळात समुद्राचा पक्का पुरावा मिळाला. मग? गावाला पाणी द्यायची जबाबदारी संपते? समजा, पुरावा नाही मिळाला आणि खारेपणा उन्हाचा ठरला. तरी तुमच्या हंड्यात काही बदल होतो का? समुद्र कधी आला हा शास्त्राचा प्रश्न, तो शास्त्रज्ञ सोडवतील. नळ कधी येणार हा कारभाराचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर लाखो वर्षांत शोधायचं नसतं, या वर्षाच्या आराखड्यात शोधायचं असतं. पहिल्या प्रश्नाआड दुसरा लपवला जातो तेव्हा आपण तो हात धरून बाहेर काढला पाहिजे.

त्यासाठी आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

काकू आणि इतर बायकांना मी दोन्ही बाजू जशा समजल्या तशा सांगितल्या. ‘इथे समुद्र होता असं मी म्हणायचे, ते मला पक्कं माहीत नव्हतं,’ हेही सांगितलं. मला वाटलं होतं माझी किंमत कमी होईल. झालं उलटंच. एक सूनबाई म्हणाली, ‘‘मंग आपनच आपलं पानी तपासू ना.’’

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, २०१२ सालचं. त्याप्रमाणे एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार पाचशे मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन हजारपर्यंत चालवून घ्यावेत. क्लोराइड अडीचशेपर्यंत, नाइलाजानं हजारपर्यंत. समुद्राच्या पाण्यात क्षार सुमारे पस्तीस हजार असतात. हे आकडे आम्ही चार्टवर मोठे लिहून देवळाच्या सभामंडपात लावले. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दोन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण व तपासणी संच. कागदावर आमच्या गावातही पाच नावं होती. त्यातल्या तिघींना आपलं नाव आहे हेच माहीत नव्हतं आणि संच कपाटात बंद होता. तो बाहेर काढायलाच दोन महिने लागले.

मग बायकांनी गावातल्या प्रत्येक विहिरीचं आणि बोअरचं पाणी बाटल्यांत भरलं. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ. मी प्रयोगशाळेत पाहिलेली एकच गोष्ट त्यांना घासून सांगितली होती, चिठ्ठी चुकली तर सगळं वाया. संचानं गावातच तपासलं, आणि तेच नमुने सरकारी प्रयोगशाळेतही पाठवले, म्हणजे उद्या कोणी ‘बायकांनी काहीतरी केलं’ असं म्हणू नये. दोन्हीकडचे निकाल जुळले. गावातल्या एकाही स्रोताचं पाणी नाइलाजाच्या मर्यादेतसुद्धा बसत नव्हतं.

मूतखडा आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यांबद्दलही बायका बोलायला लागल्या. त्याचा दोष सरळ पाण्यावर टाकायची घाई आम्ही केली नाही. घरोघरी आजारांची नोंद करून आरोग्य केंद्राला तपासणी शिबिर मागितलं आहे. ते अजून झालेलं नाही. पाठपुरावा चालू आहे.

पुढच्या ग्रामसभेत तोच प्रश्न पुन्हा निघाला. अधिकारी या वेळी दुसरे होते, पण सुरुवात तीच, ‘‘हा भाग मूळचाच...’’ काकू उभ्या राहिल्या. हातात प्रयोगशाळेचा कागद. वाचता येत नाही, पण कोणत्या ओळीवर कोणता आकडा ते त्यांना पाठ होतं. म्हणाल्या, ‘‘सायेब, समुद्र आला व्हता का नाही ते शोधनारे शोधून राह्यले. तुमी फकस्त पाइप कवा येते ते सांगा. अन् लिहून द्या.’’

लिहून मिळालं. तारीख टळली, हेही सांगते. मग दुसरी तारीख मिळाली. आज पाइपलाइन वेशीपर्यंत आली आहे, टाकीचं काम बाकी आहे. हा विजय आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या गावात आता निसर्गाचं नाव सांगून बायकांना गप्प बसवता येत नाही.

परवा काकू भेटल्या तेव्हा मी त्यांना एक छोटी काचपट्टी दाखवायला नेली होती, बाईंनी उसनी दिलेली. पट्टीवर समुद्राच्या गाळातली चारपाच कवचं. नुसत्या डोळ्यांनी पांढरे ठिपके दिसतात, इतकंच. भिंगातून काकूंनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, ‘‘एवढ्याशा जिवानं समुद्राची गवाही द्यायची!’’ मग पट्टी परत देताना हळूच म्हणाल्या, ‘‘आपल्या पूर्नेत सापडलं कधी, तर येऊन सांगजा. खरं असंन तरच.’’

मी कबूल केलं आहे. तुमच्यासमोरही करते.